फेअरफर्डचं सेंट मेरी चर्च : २८ खिडक्या आणि त्या पाहण्याचा क्रम

इंग्लंडमध्ये खेडोपाडी मध्ययुगीन चर्च उभी आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांत त्या काळची रंगीत काच शोधायला गेलं तर खिडकीच्या माथ्याशी अडकून राहिलेला एखादा देवदूत सापडतो, नाहीतर फुटलेल्या पाच-सहा खिडक्यांचे तुकडे गोळा करून भरलेलं एखादं तावदान. सोळाव्या शतकातली धर्मसुधारणा, सतराव्या शतकातलं यादवी युद्ध आणि पुढच्या दोनशे वर्षांची हेळसांड या सगळ्यांतून काचेचा जवळजवळ पूर्ण संच वाचला तो एकाच पॅरिश चर्चमध्ये. ते म्हणजे ग्लॉस्टरशायरमधल्या फेअरफर्ड गावचं सेंट मेरी. साधारण १५०० ते १५१७ या काळात बसवलेल्या २८ खिडक्या, आणि सगळ्यांमागे एकच आराखडा.

कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात सहलीला आलेली मंडळी बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर ही गावं उरकून परततात. फेअरफर्ड बायबरीपासून अगदी जवळ आहे, तरी राहून जातं. काचेला ५ पैकी ५, इमारतीला ४ आणि पोचण्याच्या सोयीला जेमतेम २, असे गुण आम्ही देऊ. पण हे गुण पदरात पडायचे तर एक पथ्य पाळावं लागतं. दक्षिणेच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला पश्चिमेची भव्य खिडकी दिसते, तिच्यात लालभडक नरक असतो, आणि पाहुणे तिकडे धावतात. दोन फोटो, एक सेल्फी, गल्ल्यात दोन पौंड, आणि दहा मिनिटांत बाहेर. हा नरक सगळ्यात शेवटी पाहायचा आहे. आधीच्या खिडक्या क्रमाने पाहिल्या नसतील तर त्याचा अर्थच लागत नाही.

आधी इमारत. जॉन टेम हा लोकर आणि कापडाचा व्यापारी. कॉट्सवोल्ड्सच्या मेंढ्यांची लोकर तेव्हा युरोपभर जात होती आणि त्या पैशातून या भागात अनेक चर्च नव्याने बांधली गेली. सोळाव्या शतकात देशभर भटकून नोंदी करणाऱ्या जॉन लीलंडने लिहून ठेवलं आहे की टेम मंडळी येण्याआधी फेअरफर्डची कधी भरभराट झाली नव्हती. टेमने जुनं चर्च पाडलं, पण मनोऱ्याचा खालचा भाग ठेवला आणि त्याच्याभोवती नवं बांधकाम केलं. १४९७ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. १५०० मध्ये जॉन वारला आणि उरलेलं काम त्याचा मुलगा एडमंड याने पूर्ण केलं.

शैली पर्पेंडिक्युलर, म्हणजे इंग्लिश गॉथिकचा शेवटचा टप्पा. ती ओळखायची खूण सोपी आहे. खिडकीतले उभे दगडी दांडे कमानीत वळून न जाता सरळ वरपर्यंत चढतात आणि कमानीचं टोकही बरंच सपाट झालेलं असतं. भिंतीचा भार मधल्या खांबांवर आणि बाहेरच्या धीरांवर (भिंतीला टेकू देणाऱ्या दगडी आधारांवर) नेल्यामुळे दोन धीरांमधली जवळजवळ सगळी जागा काचेला मोकळी मिळते. छप्पर शिशाच्या पत्र्याचं आणि उताराला अगदी कमी आहे, त्यामुळे बाहेरून ते कंगोऱ्यांच्या कठड्याआड दडतं. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलेल्यांना फरक लगेच कळेल. १८५८ मध्ये अभिषेक झालेलं ते चर्च तेराव्या शतकातल्या इंग्लिश चर्चच्या धर्तीवर आहे, म्हणून तिथल्या खिडक्या उभट, अरुंद आणि टोकदार, आणि दोन खिडक्यांमध्ये भरपूर भिंत. फेअरफर्डला भिंत उरतच नाही.

इमारतीचा एक गुण कापला तो मनोऱ्यामुळे. जुना मनोरा ठेवला आणि तो नेमका मधोमध, मुख्य दालन आणि वेदीचा भाग यांच्यामध्ये आला. त्याला पेलणारे चार खांब जाडजूड आहेत. मागच्या बाकांवर बसलं तर पूर्वेची खिडकी पूर्ण दिसत नाही, आणि मनोऱ्याखालचा पट्टा दिवसाही अंधारलेला असतो. दालनाच्या दोन्ही बाजूंच्या पाखी (लांबट बाजूदालनं) मात्र मनोऱ्याच्या अंगाने सरळ पुढे जातात आणि वेदीच्या दोन्ही बाजूंना चॅपल, म्हणजे छोटी प्रार्थनादालनं, होतात, उत्तरेला मरियेचं आणि दक्षिणेला ख्रिस्तशरीराचं. खिडक्यांची गोष्ट या वाटेनेच चालते.

सुरुवात उत्तरेच्या भिंतीवर, मरियेच्या चॅपलच्या लाकडी पडद्याजवळ. पहिल्या खिडकीत चार उभे भाग आणि जुन्या करारातले चार प्रसंग आहेत: हव्वेचा मोह, मोशे आणि जळतं झुडूप, गिदोन आणि त्याची लोकर, शलमोनासमोर शबाची राणी. वरवर पाहता या चारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मध्ययुगीन वाचक जुन्या कराराकडे नव्याची पूर्वखूण म्हणून पाहत. हव्वेने गमावलं ते मरियेने परत मिळवलं. झुडूप पेटलं पण जळालं नाही, तशी मरिया आई झाली तरी कुमारी राहिली. सभोवतालची जमीन कोरडी आणि लोकरीवर तेवढं दंव, हाही त्याच चमत्काराचा संकेत. शबाची राणी भेटी घेऊन येते, पुढे मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) बाळ येशूसाठी तशाच भेटी आणतात. लोकरीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या चर्चमध्ये पहिल्याच खिडकीत लोकर असावी, हा योगायोगही असेल, कारण ही चौकडी युरोपात इतरत्रही भेटते. टेमला मात्र तो भाग नक्की आवडला असणार.

पुढे चॅपलमध्ये मरियेचे आईवडील, तिचा जन्म, तिचं लग्न, मग देवदूताचा निरोप, येशूचा जन्म, मागींचं दर्शन, मंदिरातलं अर्पण. चॅपलच्या पूर्वेच्या खिडकीत क्रम एकदम तुटतो. मिसरला पलायन आणि मंदिरात पंडितांशी बोलणारा बारा वर्षांचा येशू या दोन प्रसंगांच्या मधोमध मरियेचं स्वर्गारोहण दिसतं, जे कालक्रमाने कितीतरी नंतरचं. ही चूक नव्हे. या खिडकीखाली मरियेची वेदी होती, म्हणून तिच्या गौरवाचा प्रसंग तिथे आणला. दक्षिणेच्या चॅपलमध्येही हेच केलेलं आहे. पुनरुत्थानानंतरच्या प्रसंगांत अचानक येशूचं रूपांतर येतं, म्हणजे डोंगरावर त्याचा चेहरा सूर्यासारखा झळकला तो आधीचा प्रसंग. ती वेदी ख्रिस्ताच्या शरीराला वाहिलेली, म्हणून तेजस्वी शरीर नेमकं वेदीवर. ज्या दोन ठिकाणी गोष्ट काळ सोडून जाते, त्या दोन्ही ठिकाणी खाली वेदीची जागा आहे. एवढं ध्यानात आलं की आराखडा करणाऱ्याचं डोकं कसं चालत होतं ते उलगडतं.

दोन चॅपलांच्या मध्ये वेदीमागची मोठी पूर्व खिडकी. खालच्या ओळीत येशूचा यरुशलेमप्रवेश, गेथशेमाने बागेतली व्यथा, पिलाताने धुतलेले हात, फटके, खांद्यावर वधस्तंभ. वरच्या सगळ्या रुंदीत मात्र एकच प्रसंग, क्रुसावरचं मरण. खाली पाच भागांत पाच गोष्टी आणि वर पाचही भाग मिळून एक आकाश. दगडी दांडे मध्ये येऊनही चित्र सलग वाटतं, ही कारागिराची करामत. दक्षिणेच्या चॅपलमध्ये क्रुसावरून उतरवणं, अधोलोकात उतरून आत्म्यांची सुटका, अम्माऊसची वाट, थोमाचा संशय, स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचं आगमन. इथे कथा संपते.

मग मुख्य दालनाच्या पाखींत मूर्तींची रांग सुरू होते, आणि इथे घाई करणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. दक्षिणेच्या तीन खिडक्यांत, दर खिडकीत चार याप्रमाणे, बारा प्रेषित. प्रत्येकाच्या डोक्याभोवती पट्टी आहे आणि तिच्यावर प्रेषितांच्या मतांगीकारातलं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या संक्षिप्त कबुलीतलं, एकेक वाक्य. समोर उत्तरेला तीन खिडक्यांत बारा संदेष्टे, त्यांच्या पट्ट्यांवर त्या त्या वाक्याशी जुळणारं जुन्या करारातलं वचन. म्हणजे मधल्या वाटेवर उभं राहून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे पाहायचं. पुढे पश्चिमेकडे याच रीतीने एका बाजूला चार शुभवर्तमानकार (येशूचं चरित्र लिहिणारे) आणि दुसऱ्या बाजूला लॅटिन चर्चचे चार आचार्य. पट्ट्यांवरची अक्षरं टोकदार आणि लॅटिन शब्द आखूड केलेले असल्यामुळे ती वाचायला जड जातात. चर्चमध्ये मिळणाऱ्या पुस्तिकेत खिडक्यांना १ ते २८ क्रमांक दिलेले आहेत, ती हातात असली तर काम सोपं होतं.

त्यांच्या वर, छपराखालच्या उंच खिडक्यांत तीच समोरासमोरची मांडणी नीतीच्या भाषेत येते. दक्षिणेला हुतात्मे आणि संत, माथ्यावर देवदूत. उत्तरेला चर्चचा छळ करणारे, त्यांत हेरोद आहे, यहूदा आहे, आणि माथ्यावर अंधाऱ्या रंगांतले सैतान. दुर्जनांना उत्तरेची, ऊन न लागणारी बाजू दिलेली आहे. या खिडक्या इतक्या उंच आहेत की नुसत्या डोळ्यांनी रंग तेवढे दिसतात, चेहरे दिसत नाहीत. ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. १० पटीची हातात थरथरते आणि आतल्या उजेडात अंधुक दिसते. दुर्बीण नाही म्हणून कॅमेऱ्याच्या झूमवर काम भागवता येतं, पण मग पडद्यातच अडकायला होतं.

आता पश्चिमेची खिडकी. सात उभे भाग, विषय शेवटचा न्याय. दोन्ही बाजूंच्या छोट्या खिडक्यांत दावीद आणि शलमोन या राजांचे न्याय, म्हणजे पृथ्वीवरचे न्यायनिवाडे दोहोंकडे आणि मध्ये देवाचा. खालच्या अर्ध्यात मधोमध देवदूत मीखाएल तराजूत आत्मे तोलतो आहे. आपल्या डाव्या हाताला पेत्र स्वर्गाच्या दाराशी आणि त्याच्यासमोरून सोनेरी पायऱ्या चढणारे सुटलेले जीव. उजव्या हाताला नरक. तिथली लाल काच सगळ्या चर्चमधली सगळ्यात तीव्र लाल आहे. निळे, जांभळे सैतान माणसांना ओढत, खांद्यावर टाकून नेताहेत. एकाने तर बाईला ढकलगाडीत घातलं आहे. कोपऱ्यात मोठा सैतान बसला आहे, डोकं माशाचं आणि पोटावर दुसरं दात विचकणारं तोंड. भीती आणि गंमत यांची अशी सरमिसळ मध्ययुगीन माणसाला खटकत नसे.

याच खिडकीचा वरचा अर्धा भाग नीट पाहा. तिथे ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसलेला आहे आणि भोवती संतांची वलयं आहेत. रचना जुनी, पण काच नवी. १७०३ च्या नोव्हेंबरातल्या महावादळाने पश्चिमेच्या बाजूला मोठी हानी केली, आणि १८६० च्या दशकात वरचा अर्धा भाग बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स या काच कारखान्याकडून नव्याने करून घेतला गेला. फरक दुरूनही जाणवतो. खालच्या काचेत प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी, आत बुडबुडे आणि रेघा, त्यामुळे उजेड हलता वाटतो. वरची काच एकसारखी, रंग सपाट, चेहरे गोडसर. मुंबईतल्या व्हिक्टोरियन इमारतींमधली रंगीत काच ज्यांनी पाहिली आहे त्यांना वरचा भाग ओळखीचा वाटेल, कारण काळ तोच. आमच्या मते हा चर्चमधला एकमेव खरा तोटा आहे, आणि जाणकार पाहुण्यासाठी तोच सगळ्यात चांगला धडा आहे. एकाच चौकटीत साडेतीनशे वर्षांच्या अंतराची दोन कामं वर-खाली पाहायला मिळतात.

खालच्या भागातलं लाल इतकं का पेटतं, त्यामागे कृती आहे. बाकीचे रंग काच वितळलेली असतानाच धातूंची भस्मं घालून आणतात: कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, तांब्याने किंवा लोखंडाने हिरवा. तांब्याने येणारा लाल मात्र इतका गडद होतो की पूर्ण जाडीत तो काळा दिसेल. म्हणून बिनरंगी काचेवर लालचा पातळ थर चढवतात. हा थर घासून काढला की त्याच तुकड्यात लालच्या शेजारी पांढरं मिळतं, मध्ये तुकडे जोडणारी शिसपट्टी लागत नाही. पिवळा आणखी वेगळा. चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून भट्टीत भाजलं की काचेतच सोनेरी डाग उतरतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती आली आणि काचचित्रकारांचं काम पालटलं, कारण पांढरा चेहरा आणि सोनेरी केस एकाच तुकड्यावर काढता येऊ लागले. फेअरफर्डला मुकुट, केस, झालरी, इमारतींचे कळस सगळीकडे हा पिवळा दिसेल.

चेहऱ्यांच्या रेषा आणि छाया म्हणजे काचेची पूड आणि लोखंडाचं किंवा तांब्याचं भस्म यांचा लेप, काचेवर रंगवून भट्टीत पक्का केलेला. छाया देण्यासाठी आधी लेप पसरतात, मग कोरड्या कुंचल्याने ठिपके ठिपके करून उजेड काढतात, आणि दाढीचा एकेक केस काडीच्या टोकाने खरवडतात. संदेष्ट्यांच्या दाढ्यांवर दुर्बीण लावा, ही खरवड स्पष्ट दिसते.

कोणी केलं हे काम? करारपत्र किंवा हिशेबाची वही हाती नाही. शैलीवरून अभ्यासक सातव्या आणि आठव्या हेन्रीचा राजकाचकार बर्नार्ड फ्लॉवर आणि त्याच्या भोवतालच्या कारागिरांचं नाव घेतात. फ्लॉवर मूळचा परदेशी, १५१७ मध्ये वारला, आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलच्या खिडक्या त्यानेच सुरू केल्या होत्या. फेअरफर्डच्या चेहऱ्यांत, कपड्यांच्या घड्यांत आणि पाठीमागच्या निसर्गदृश्यांत नेदरलँड्सच्या चित्रकलेचा हात स्वच्छ दिसतो. गावात एक जुनी दंतकथा चाले की टेमने समुद्रात एक जहाज पकडलं, त्यात ही काच सापडली आणि तिच्यासाठी त्याने चर्च बांधलं. खिडक्या मोजल्या की ती कथा गळून पडते. बारा प्रेषितांना चार-चार भागांच्या तीन खिडक्या, समोर बारा संदेष्ट्यांना तितक्याच तीन, आणि वेदीवर नेमका वेदीचाच प्रसंग. काच आणि दगड यांची आखणी एकत्रच झालेली आहे.

ही काच टिकते कशी, हा मुद्दा पर्यटक-पुस्तिकांत सहसा दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे थोडं सविस्तर. मध्ययुगीन काच लाकडाच्या राखेतल्या पोटॅशने बनवलेली असते. आजच्या सोडा काचेपेक्षा ती ओलाव्याला लवकर बळी पडते. पावसाने बाहेरच्या बाजूला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पापुद्री धरते. आतली बाजू त्याहून नाजूक. हिवाळ्यात माणसांच्या श्वासाची आणि हीटरच्या उबेची वाफ थंड काचेवर थेंब होऊन साचते आणि रंगवलेल्या रेषा हळूहळू सुटतात. एकदा रेष गेली की चेहरा कायमचा गेला. तिसरा शत्रू शिसपट्टी. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या साधारण शंभर-दीडशे वर्षांत थकतात, तावदानाला पोट येतं आणि काच तडकते. जुनी काच वाहून खाली जाड होते हा समज खोटा आहे. फुगवटा येतो तो थकलेल्या शिशामुळे आणि आडव्या लोखंडी सळ्यांना बांधलेल्या तारा तुटल्यामुळे. या सळ्या गंजल्या की फुगतात आणि आजूबाजूचा दगड फोडतात, हे वेगळंच दुखणं.

फेअरफर्डच्या काचेचं मोठं संवर्धन यॉर्कच्या बार्ली स्टुडिओने १९८८ ते २०१० या काळात टप्प्याटप्प्याने केलं. पद्धत अशी: खिडकीच्या मूळ खाचेत बाहेरून नवी साधी काच बसवायची आणि जुनं तावदान धातूच्या चौकटीत घेऊन थोडं आत टांगायचं. दोहोंमधल्या फटीत वरून आणि खालून चर्चमधली हवा खेळती राहते. त्यामुळे जुन्या काचेच्या दोन्ही बाजूंचं तापमान सारखं राहतं, थेंब धरलेच तर बाहेरच्या नव्या काचेवर धरतात, आणि पाऊस-वारा तिच्यापर्यंत पोचत नाही. कडेला जाऊन तिरकं पाहिलं की ही फट दिसते. काच जपण्याच्या या पद्धतीबद्दल आम्हाला मनापासून आदर वाटतो. नव्याने रंगवून सगळं चकचकीत करण्याचा मोह १८६० च्या दशकात आवरला नव्हता, त्याचा परिणाम पश्चिमेच्या खिडकीत दिसतोच आहे. बाहेरच्या काचेची एक किंमत मोजावी लागते: अंगणातून खिडक्यांचे शिसपट्ट्यांचे नक्षे नीट दिसत नाहीत, आभाळाचं प्रतिबिंबच दिसतं.

त्याआधीही ही काच वाचवली गेली. यादवी युद्धात संसदेच्या फौजेपासून ती उतरवून लपवली अशी गावाची परंपरा सांगते. दुसऱ्या महायुद्धात ती उतरवून सुरक्षित ठेवली होती आणि युद्धानंतर परत बसवली, याला मात्र परंपरेची गरज नाही.

काचेपलीकडे तीन गोष्टींना वेळ द्या. मरियेच्या चॅपलच्या कडेला जॉन टेम आणि त्याची बायको अ‍ॅलिस यांची थडग्याची चौथरी आहे, वर पितळी पत्र्यात कोरलेल्या आकृत्या. व्यापारी असून जॉन चिलखतात आहे. पैशाबरोबर घराण्याचा दर्जाही हवा होता. कडेच्या लेखात तो येणाऱ्याजाणाऱ्याला विनवतो की मला आता प्रार्थना करता येत नाही, तुम्ही माझ्यासाठी करा म्हणजे माझ्या यातना सुटतील. पन्नासेक वर्षांत धर्मसुधारणेने मृतांसाठीच्या या प्रार्थनाच बंद पाडल्या. दुसरी गोष्ट, कोरीव लाकडी पडदे. असे पडदे बहुतेक चर्चमधून उखडले गेले, इथे त्या काळचे शिल्लक आहेत. तिसरी, वेदीच्या भागातल्या घडीच्या आसनांखालची कोरीव कामं. लांब चालणाऱ्या प्रार्थनेत उभ्या राहणाऱ्यांना टेकायला आसनाखाली छोटी फळी असते आणि तिच्या बुडाला घरातले, दारूच्या पिंपाभोवतीचे आणि प्राण्यांचे प्रसंग कोरलेले आहेत. आसन स्वतः उचलण्याआधी तिथल्या स्वयंसेवकाला विचारा. बिजागऱ्या जुन्या आहेत आणि आसन हातातून सुटून आपटलं तर कोरीव काठ तुटतो.

बाहेर मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांवर राखण करणारे दगडी पुरुष आहेत, आणि कठड्याखालच्या पट्टीवर चित्रविचित्र चेहरे. भिंतीचा दगड स्थानिक चुनखडी, मधाच्या रंगाचा. त्याचे सांधे चुन्यात भरलेले असले पाहिजेत. इंग्लंडभर विसाव्या शतकात अशा इमारतींना सिमेंट लावलं गेलं आणि ओलावा दगडात कोंडून थंडीत पृष्ठभाग सोलून निघाला. कुठलंही जुनं चर्च पाहताना सांधा दगडापेक्षा कडक आणि राखाडी दिसला की हे दुखणं ओळखावं. अंगणात व्हॅलेंटाइन स्ट्राँग या गवंड्याचं थडगं आहे. तो १६६२ मध्ये वारला. त्याच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी लंडनच्या सेंट पॉल्सवर काम केलं. दाराजवळ टिडल्स या चर्चच्या मांजरीचं छोटं दगडी स्मारक आहे, १९६३ ते १९८०. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते आधी दाखवा, म्हणजे आत शांत राहतील.

आता व्यवहाराचं. प्रवेशाला तिकीट नाही, देणगी ऐच्छिक आहे. पॅरिश चर्चच्या दुरुस्तीचा भार मुख्यतः त्या गावच्या पॅरिशवरच पडतो, तेव्हा चहा-केकच्या खर्चाइतकी तरी रक्कम पेटीत टाकावी. रविवारी सकाळी उपासना असते, आणि लग्न किंवा अंत्यविधी असेल तर पाहुण्यांना थांबावं लागतं, म्हणून निघण्याआधी चर्चच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या. कमीत कमी दीड तास ठेवा, नीट पाहायचं तर अडीच तास. हिवाळ्यात चारच्या सुमारास उजेड संपतो आणि दिवे लागले की काच मरते.

उजेडाचं गणित असं. पूर्वेची खिडकी सकाळी, पश्चिमेची दुपारी दोननंतर. उत्तरेच्या खिडक्या दिवसभर सारख्या. कडक उन्हात दक्षिणेच्या खिडक्या डोळे दिपवतात, फरशीवर रंगांचे सुंदर डाग पडतात, पण चेहऱ्यांवरची बारीक छाया धुऊन निघते. पातळ ढगांचा पांढरा दिवस सगळ्यात उत्तम. इंग्लंडमध्ये तो मिळणं कठीण नाही. म्हणून आम्ही सांगू की अकराच्या सुमारास आत शिरा, पहिल्या खिडकीपासून घड्याळाच्या दिशेने फिरा, पश्चिमेला शेवटी पोचाल तेव्हा तिथे उजेड आलेला असेल. फोटो काढताना फ्लॅश बंद. फोनच्या पडद्यावर काचेच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि उजेड खाली ओढा. दगड काळा पडेल, पण काचेचे रंग टिकतील. भिंतीसकट सगळं दिसावं म्हणून फोनवर सोडलं तर काच पांढरी फट्ट येते.

पोचणं हा खरा त्रास. ऑक्सफर्डहून येणारी फेअरफर्डची रेल्वे १९६२ मध्ये बंद झाली. लंडनच्या पॅडिंग्टनहून स्विंडनला साधारण तासाभरात पोचता येतं, तिथून फेअरफर्ड वीसेक किलोमीटर. स्विंडनमध्ये गोव्याहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिथे ओळखीपाळखीचं कोणी असण्याचा संभव बऱ्यापैकी. बस विरळ आहेत, रविवारी तर त्यांच्यावर विसंबू नका. गाडीने आलात तर चर्च बाजारचौकाला लागूनच आहे. जुलैमध्ये जवळच्या हवाई तळावर मोठं आंतरराष्ट्रीय हवाई प्रदर्शन भरतं, त्या शनिवार-रविवारी सगळे रस्ते तुंबतात आणि डोक्यावर जेट विमानं असतात. तो आठवडा टाळा.

दिवस उरला तर चौदा किलोमीटरवर सायरेन्सेस्टरचं चर्च आहे, त्याचा तीन मजली दक्षिण दर्शनी भाग असा की त्या एकाच गोष्टीसाठीही जावं. त्याहून लोकरीचा इतिहास हवा असेल तर नॉर्थलीच: तिथल्या पितळी पत्र्यांवर व्यापारी उभे आहेत आणि त्यांच्या पायांखाली मेंढ्या आणि लोकरीच्या गाठी. फेअरफर्ड आधी आणि ही दोन नंतर घ्या. उलट केलंत तर काचेसाठी लागणारी मान आणि डोळे दोन्ही थकलेले असतील.